सत्तेचाळीसचं पाणी

तिनं कागद उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का ते पाहिलं, पुन्हा सुलटा केला आणि दोन बोटांनी साहेबांच्या बाजूला सरकवला. सही करायच्या जागी साहेबांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती.

"वाचलंत?" साहेबांनी विचारलं.

"दोनदा."

"मग करा सही."

"नाही करत."

वर्कशॉपचे साहेब तसे वाईट नव्हते. त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागायचा, आणि कागद मिळाला की ती गोष्ट संपली असं त्यांना मनापासून वाटायचं. या कागदावर लिहिलं होतं, की साठ नंबरच्या ट्रकची चालक या नात्यानं तिनं रोज सकाळी रेडिएटरच्या पाण्याची पातळी न पाहताच वहीत 'पूर्ण' अशी नोंद केली, आणि हा निष्काळजीपणा तिला मान्य आहे. सही झाली की स्टिअरिंग सुटणार आणि ती गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत बसणार, हे कागदावर नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

गेला दीड महिना साठ नंबर पाणी खात होती. सकाळी रेडिएटरची टाकी रेघेपर्यंत भरलेली, संध्याकाळी परत यावं तर पावणेदोन-दोन लिटर गायब. रस्त्यावर थेंब नाही, इंजिनाखाली ओल नाही. कागदाला मिस्त्रीचा अहवाल टाचलेला होता: होज पाइप, रेडिएटर, वॉटर पंप, हेड गास्केट, सगळं तपासलं, कुठेही गळती नाही. खाली मिस्त्रीची सही. हा मिस्त्री तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

"गळती नाही, म्हणून मी खोटी?" ती म्हणाली.

"पाणी कुठूनतरी जातंच ना, बाई. यंत्रातून जात नसेल तर माणसामुळे जातं."

"मी पिते का मग?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या मिस्टरांच्या वेळी असंच झालं होतं. सत्तेचाळीस नंबर. त्यांनी किती समजूतदारपणे घेतलं! ना आवाज, ना वाद. सही केली, मोकळे झाले."

कोपऱ्यात भाऊ उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तिला एकाएकी दोघांचाही संताप आला. एकाचा बोलल्याबद्दल आणि दुसऱ्याचा न बोलल्याबद्दल.

"झाकणांना सील लावा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं. रेडिएटरलाही आणि टाकीलाही. मिस्त्रींना माझ्या शेजारी बसवा. भरलेली गाडी घाट चढवून परत आणते. संध्याकाळी सील तुम्हीच तोडा. पाणी जागेवर असलं, तर मी इतके दिवस खोटं लिहीत होते असं समजा. सही करते."

"आणि कमी झालं तर?"

"तर ती फुली पुसा."

साहेबांनी थोडा विचार केला आणि खण उघडून सीलची तार बाहेर काढली. तारेला शिसं लावून ते पक्कडीनं दाबण्यात त्यांना बरं वाटत असावं, कारण त्यांनी ते काम फार मन लावून केलं.

घाट लागेपर्यंत बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पाठीवर अठरा टन सिमेंट होतं. भाऊ दाराला कान लावल्यासारखा बसला होता आणि इंजिनाचा आवाज ऐकत होता. तो तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. पाना कसा धरायचा आणि नट कुठल्या बाजूला सुटतो हे तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या इंजिनात खोट निघाली असं डेपोत कुणी म्हणत नसे. त्यालाही हे माहीत होतं. खरं तर तीच अडचण होती.

"माझ्या तपासणीवर तुझा विश्वास नाही," पहिल्या वळणावर तो शेवटी म्हणाला.

"माझ्या वहीवर तुझा आहे?"

"मी फक्त गळती नाही एवढं लिहिलं. तू खोटी असं कुठं लिहिलं?"

"लिहायला कशाला लागतंय? एकतर गळती, नाहीतर मी खोटी. तिसरं काही उरतं का, सांग."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं वाकून काट्याकडे पाहिलं. तापमान जरा वर होतं, पण भरल्या गाडीनं घाट चढताना जेवढं असावं तेवढंच.

माथ्यावर तिनं गाडी बाजूला घेतली. भाऊ गोणपाट अंथरून इंजिनाखाली सरपटला. गरम लोखंडाच्या इतक्या जवळ, की तो परत बाहेर आला तेव्हा त्याचा एक कान लाल झाला होता. त्यानं प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहिला होता आणि सगळे कागद कोरडेच होते. मग त्यानं ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी ऑइलमध्ये शिरलं की ते दुधाळ होतं. हे स्वच्छ काळं होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. पांढरी वाफ नाही, गोडसर वास नाही.

"बघ," तो म्हणाला, पण नेहमीच्या जोरात नाही.

"तू बघ," ती म्हणाली आणि टाकीकडे बोट केलं. टाकी प्लॅस्टिकची होती, बाहेरूनही हिरवं पाणी दिसायचं. सकाळी रेघेला टेकलेलं पाणी आता बोटभर खाली होतं. सील जसंच्या तसं होतं.

भाऊ त्या रेघेकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. तिला त्याची थोडी दया आली, पण तिनं ती दाखवली नाही.

संध्याकाळी साहेबांनी स्वतः सील तोडलं आणि मापानं पाणी भरलं. एक लिटर आठशे. त्यांनी तेच माप पुन्हा एकदा पाहिलं.

"फुली," ती म्हणाली.

त्यांनी खोडरबर शोधला आणि फुली पुसली. कागद मात्र फाडला नाही.

"गाडी आतच राहू दे. जागची हलवायची नाही. मिस्त्री, उद्या इंजिनाचं हेड उतरवा. दोन दिवसांत कारण सापडलं तर ठीक."

"आणि नाही सापडलं तर? सील तुमचं होतं, साहेब."

"तर वरच्या ऑफिसला काहीतरी लिहावंच लागतं, बाई. गाडीत कारण नसलं की ते चालकात असतं. मी नाही, ते तसं धरतात."

पालथ्या घड्यावर पाणी! तिनं किल्ली टेबलावर ठेवली ती जरा आपटूनच.

घरी नवरा दाराची कडी लावत होता. लावली, ओढून पाहिली, दोन पावलं आत गेला, परत येऊन ओढून पाहिली. रात्री निजण्याआधी तो गॅसपाशी तीनदा जाई. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी भरलेला ट्रक एका हातानं वळवत दुसऱ्या हातानं चहा पिणारा माणूस होता, आणि तिला गाडी त्यानंच शिकवली होती, मोकळ्या मैदानात, हसून हसून. आता तो एका गोदामाच्या वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांच्या ट्रकची वजनं लिहायचा.

तिनं त्याला दिवसभराचं सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

"करून टाक सही," तो म्हणाला.

"का?"

"कशाला लढायचं? तुझा दादा सांगतोय गळती नाही. त्याच्याहून जास्त कळतंय का आपल्याला?"

"वहीत रोज पूर्ण लिहिलंय मी. टाकी बघून लिहिलंय."

"मीही लिहिलं होतं," तो म्हणाला, आणि उठून पाणी प्यायला आत गेला.

तीन वर्षांपूर्वी सत्तेचाळीस नंबर याच घाटात बंद पडली होती. महिनाभर तिचंही पाणी कमी होत होतं. मिस्त्रीनं तपासलं होतं, गळती नाही म्हणून लिहिलं होतं, आणि एक दिवस चढणीवर पाणी पार संपलं. पाणीच नसलं की काटा तरी कशाची गरमी दाखवणार? तो खालीच राहिला आणि इंजिन जाम झालं. साहेबांनी असाच कागद पुढे केला. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, सकाळी पाणी बघितलं होतं का? त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, बघितलंच असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं सही केली.

तिनं पुढे कधी काही विचारलं नाही. पण माणूस खरा असता तर त्यानं सही केलीच नसती, असं तिनं मनात पक्कं धरलं होतं. तिला त्याची लाज वाटली होती. त्याच डेपोत अर्ज करून साठ नंबरची किल्ली हातात घेतली, तेव्हा तिनं ठरवलं होतं की आपण त्याच्यासारखं वागायचं नाही. रोज वाकून रेघ बघायची, मगच लिहायचं.

"तुम्ही केलीत म्हणून मीही करायची?" ती आत जाणाऱ्या पाठीला म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते जिव्हारी लागणारे आहेत हे कळलं, पण तिनं परत घेतले नाहीत. आतून भांड्याचा आवाज आला. मग तो कडी बघायला पुन्हा दाराशी गेला.

सकाळी ती सातच्या आधी वर्कशॉपमध्ये पोचली. भावानं हेड उतरवायची तयारी केली होती. पाने मोठ्यापासून लहानापर्यंत फडक्यावर मांडलेले, शेजारी रिकामे ट्रे. त्याच्या वर्कशॉपची फरशी बघण्यासारखी होती. तिथं कुणी ऑइल सांडलं तर तो दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे.

"रात्रभर झोपलो नाही," तो म्हणाला. "हेडमध्ये काही मिळेल असं मला वाटत नाही. पण आता दुसरं काय उघडायचं?"

तिनं मान हलवली आणि सवयीनं गाडीभोवती फेरी मारायला निघाली. रोज सकाळची फेरी. टायरवर हातोडी, दिव्यांवर फडकं, आणि शेवटी ब्रेकच्या हवेच्या टाक्या. ब्रेक हवेवर चालतात, आणि टाकीत हवेबरोबर ओल आणि तेल साचतं. ते काढायला टाकीच्या पोटाखाली एक कडी असते. ती ओढली की साचलेलं बाहेर पडतं. डेपोत ही कडी धुण्याच्या रॅम्पवरच ओढायची असा नियम होता, आणि नियम भावाचाच. चार वर्षांपूर्वी त्या तेलकट पाण्यावरून एक हमाल घसरून पडला, तेव्हापासून भिंतीवर पाटी लागली. त्यामुळे सगळे चालक रॅम्पवर, वरून पाइपचं पाणी सोडलेलं असताना, साबणाच्या फेसात कड्या ओढायचे. नियम चांगला होता आणि सगळे पाळायचे. ती तर एक दिवसही चुकली नव्हती.

आज गाडी रॅम्पवर नव्हती. आज ती भावाच्या कोरड्या फरशीवर उभी होती, पण हाताला ते कुठं माहीत? तिनं वाकून कडी ओढली.

फुस्स करून हवा सुटली.

"अगं, इथं नको!" भाऊ ओरडला. "माझी फरशी—"

आधी चमचाभर तपकिरी, तेलकट काहीतरी पडलं. मागून पाण्याची धार आली. ती थांबेना. फरशीवर पसरत पसरत ती भावाच्या बुटापर्यंत गेली, आणि तिचा रंग हिरवा होता.

मग भाऊ गुडघ्यांवर बसला, त्यानं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी धरलं.

"कूलंट. रेडिएटरचं पाणी," तो म्हणाला. एवढ्या हळू, की तिनं ते ओठांवरूनच ओळखलं.

"ब्रेकच्या टाकीत?"

"कॉम्प्रेसर." तो तसाच बसून बोलत होता, जणू फरशीलाच सांगत होता. "हवा भरणारा कॉम्प्रेसर. तोही इंजिनाच्याच पाण्यानं थंड होतो. त्याच्या हेडला चीर असली तर पाणी आत उतरतं आणि हवेबरोबर थेट टाकीत जातं. बाहेर थेंब पडत नाही. ऑइलमध्ये जात नाही. धुरात जात नाही. आणि चीर असणार गरम झाल्यावर उघडणारी. मी पाण्याला दाब देऊन पाहिलं ते थंड इंजिनावर. दाबाची सुई कशी हलेल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दीड महिना सगळा डेपो रस्त्यावर आणि इंजिनाखाली पाणी शोधत होता, आणि ते रोज सकाळी रॅम्पच्या गटारात जात होतं.

"म्हणजे मीच ओतत होते," ती म्हणाली. "रोज. माझ्या हातानं." तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "एक थेंब माझ्या हातून सांडलेला नाही, असं सांगत फिरत होते मी!"

"माझ्या नियमानं," भाऊ म्हणाला. तो हसला नाही.

त्यानं हेडचे पाने बाजूला सारले आणि कॉम्प्रेसर खोलायला घेतला. तिनं दिवा धरला. दोन महिन्यांपूर्वी साठ नंबरची हवा भरायला वेळ लागतो म्हणून त्यानंच हा कॉम्प्रेसर बदलला होता. स्टोअरमधला जुना, पण चांगला. वर्कशॉपच्या बाकावर चालवून पाहिलेला. वरचं बीडाचं झाकण, ज्याला ते हेड म्हणायचे, सुटून हातात आलं. आतल्या बाजूला पाण्याच्या वाटेपासून हवेच्या वाटेपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. नखाला लागेल न लागेल अशी.

"ही बघ," भाऊ म्हणाला.

ती रेघ नीट दिसावी म्हणून तिनं फडकं रॉकेलमध्ये बुडवून हेड पुसायला घेतलं. बाजूच्या काळ्या थराखालून पांढरा रंग दिसू लागला. डेपोत एखाद्या गाडीचा भाग काढून स्टोअरमध्ये ठेवायचा झाला की त्यावर त्या गाडीचा नंबर पांढऱ्या रंगानं लिहायचा, ही भावाचीच शिस्त होती. तिनं आणखी पुसलं. चार. मग सात.

दिवा तिच्या हातात होता, तो खाली गेला.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

ती गाडी भंगारात गेली तेव्हा इंजिन जळालेलं होतं, पण कॉम्प्रेसर चांगला होता. म्हणजे चांगला दिसत होता. त्यानंच तो काढला, पुसला, नंबर टाकला आणि फळीवर ठेवला. आणि त्यानंच उचलून बहिणीच्या गाडीला लावला.

"तेव्हाही थंड इंजिनावरच बघितलं होतंस," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"आणि तेव्हाही रॅम्पवरच कड्या ओढत होते सगळे."

"हो." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मेव्हण्यांना मी तीन वर्षं तोंड दाखवलं नाही. मला वाटायचं, त्यांनी माझ्यापासून लपवलं."

'मलाही' असं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि फडकं पिळून वाळत टाकलं.

नऊ वाजता साहेब आले. त्यांनी हिरवी फरशी पाहिली, चीर पाहिली, भावाचं म्हणणं ऐकलं आणि मोठा श्वास सोडला. माणसाला बरं वाटलं होतं. खिशातून कालचा कागद काढून त्यांनी तिच्यासमोर फाडला.

"झालं तर मग. नवीन कॉम्प्रेसर लावा. गाडी उद्या बाहेर. बाई, तुमचं म्हणणं खरं होतं, मी मान्य करतो. प्रश्न मिटला."

"साठचा मिटला," ती म्हणाली. "सत्तेचाळीसचा?"

साहेबांनी हेडवरचा नंबर वाचला. त्यांना कळायला जरा वेळ लागला, पण कळलं.

"ती गाडी आता नाहीच आहे, बाई."

"माणूस आहे."

"तिथं कबुली आहे. लेखी. त्यांनी स्वतः, राजीखुशीनं—"

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि संन्यासीच राजी होता म्हणता?"

"साहेब," भाऊ मध्ये बोलला. तो हात धुऊन आला होता आणि अजून पुसत होता. "माझा तेव्हाचा अहवाल चुकीचा होता. तपासणी अपुरी होती. तसं मी लिहून देतो. आजच. दोन्ही गाड्यांचं."

"तुमच्या नोकरीच्या पुस्तकात जाईल ते, मिस्त्री. एवढ्या वर्षांत एक शेरा नाही तुमच्यावर."

"जाऊ द्या."

ती भावाकडे बघतच राहिली. काल त्याच्यावर आलेला राग तिला आता आठवतही नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"अहवाल मी घेतो. पण जुनी कबुली अशी कुणाच्या सांगण्यावरून निघत नाही फायलीतून. ज्याची सही आहे, त्यानं स्वतः येऊन मागावी लागते. लेखी अर्ज करून. नियम आहे."

"येतील," ती म्हणाली. हे ती कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. तिनं ते हेड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि काखेत मारलं.

"बाई, कंपनीची वस्तू आहे ती. बाहेर नेता येणार नाही."

"गेटच्या वहीत लिहून जाते. काय नेलं, कुणी नेलं, किती वाजता. बोलवा पोलिसांना."

साहेबांनी कुणाला बोलावलं नाही. गेटच्या वहीत तिनं खरोखरच सगळं लिहिलं, 'कशासाठी' या रकान्यात 'दाखवण्यासाठी' असंही लिहिलं.

नवऱ्याची ड्युटी दुपारी तीनला होती. तो पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होता. तिनं टेबलावरची भांडी बाजूला केली, गुंडाळी ठेवली आणि वर्तमानपत्र उलगडलं.

तो उठून आला. नंबर त्याला वाचावा लागला नाही.

"हे कुठं मिळालं?"

"माझ्या गाडीत."

तिनं सगळं सांगितलं. कडी, फरशी, हिरवं पाणी, गरम झाल्यावर उघडणारी चीर. सांगताना तिचा आवाज मधेच चढत होता, मधेच बसत होता. त्यानं हेड उजेडाकडे तिरकं धरलं आणि अंगठ्याचं नख त्या रेघेवरून हळूहळू नेलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"थंड असताना मिटलेली?"

"मिटलेली."

"म्हणजे सकाळी टाकी भरलेलीच दिसणार."

"भरलेलीच असणार. पाणी जायचं ते घाटात."

त्यानं हेड खाली ठेवलं. खुर्ची ओढून बसला. बराच वेळ तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"म्हणजे त्या दिवशी मी पाणी बघितलं होतं," तो म्हणाला.

"बघितलं होतं तुम्ही."

"मला आठवतच नव्हतं. सगळे विचारायला लागले, तू विचारलंस. आठवायला गेलो की कधी रेघ दिसायची, कधी दिसायचीच नाही. मग वाटलं, नसेलच बघितलं. एखाद्या दिवशी राहून गेलं असेल."

ती त्याच्यासमोर खाली बसली. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. असं काही ती सहसा करत नसे.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं. चुकलं माझं."

"मी तरी कुठं ठेवला होता," तो म्हणाला.

बाहेर रस्त्यावरून एक मोठी गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली. मग तिनं त्याला साहेब काय म्हणाले ते सांगितलं, अर्जाचं सांगितलं, भाऊ काय लिहून देणार आहे तेही सांगितलं. तिला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, कशाला. तिनं त्याला तसं म्हणू द्यायचं नाही असं ठरवलंच होतं.

"साहेब कितीपर्यंत असतात?" त्यानं विचारलं.

"पाचपर्यंत. पण तुमची ड्युटी आहे ना तीनला?"

"असू दे."

तो उठला, आत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, हँगर सरकवल्याचा आवाज आला.

"माझा निळा शर्ट कुठं ठेवलायस?" तो आतून म्हणाला.

"दोरीवर आहे. इस्त्री नाही केलेली."

"मग इस्त्री लाव," तो म्हणाला. "चुरगळलेला घालून नाही जायचं मला तिथं."